गादी घातलेला नकार

२ जानेवारी, रविवार

नवी वही. दरवर्षी ख्रिसमसला ब्रेंडाच मला रोजनिशी देते. या वर्षी तिच्याकडून राहून गेलं असावं, म्हणून मीच आणली. संकल्प: तक्रार करायची नाही. घर होतं तसं ठेवायचं. आणि ईस्टरच्या आत ब्रेंडाला परत आणायचं.

ब्रेंडा ख्रिसमसनंतर तिच्या बहिणीकडे गेली आहे, ब्रिडलिंग्टनला. आयरीनचा खुबा दुखतो, शिवाय समुद्राची हवा. भांडण वगैरे काही नाही. आमच्यात कधीच होत नाही. जाताना मोठी बॅग नेली, पण तिला दोन दिवसांसाठीही मोठीच बॅग लागते. शिलाईचं मशीन कशाला नेलं ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी फोन केला. कधी येतेस, विचारलं. म्हणाली, नाही येत. म्हटलं, म्हणजे या आठवड्यात नाही ना? तर म्हणाली, नाही म्हटलं ना डेरिक, नाही म्हणजे नाही, बहिरा झालास का, आणि ठेव आता फोन, माझे बटाटे करपतायत.

मन खट्टू झालं. नकाराचं एवढं नाही. पण तो असा नुसता? खाली काहीच न घालता?

३ जानेवारी, सोमवार

कालचं अजून डाचतंय. माझ्यासारख्या माणसाच्या बायकोने असं बोलावं!

तीस वर्षं मी गाद्यांच्या कारखान्यात तक्रारींना उत्तरं लिहिली. लोक लिहायचे, स्प्रिंग वर आली, गादी बदलून द्या. गादी बदलून द्यायची नाही हे ठरलेलंच असायचं. प्रश्न एवढाच की ते कसं सांगायचं. नुसतं ‘नाही’ म्हणजे फरशी, त्यावर माणूस आपटतो. पण त्याच्याखाली एक शब्द सरकवला, ‘सध्या तरी’, ‘पूर्णपणे’, ‘तितकंसं’, की तोच माणूस वर आभाराचं पत्र पाठवतो. आमचे साहेब म्हणायचे, होल्रॉइड, तुझा नकार अंगाखाली घेऊन झोपावं.

तेव्हा या विषयात मला कोणी शिकवू नये. ‘मुळीच नाही’ म्हणजे दगड. ‘फारसं नाही’ म्हणजे चटई. ‘तितकंसं नाही’ म्हणजे कापूस. ‘एवढ्यात नाही’ म्हणजे चांगली स्प्रिंगची गादी. आणि ‘नाहीच असं नाही’ ही पिसांची गादी, जवळजवळ होकारच.

ब्रेंडा सध्या फरशीवर आहे. ईस्टरपर्यंत तिला पिसांवर चढवायचं. काम अवघड, पण माणूस अनुभवी आहे.

९ जानेवारी, रविवार

स्वतः बीफ भाजलं. सोबतचं यॉर्कशायर पुडिंग फुगलं नाही. ओव्हनचा दोष.

फोन. येणं जमेल का, असं नम्रपणे विचारलं. ‘नाही’ म्हणाली. कार्पेटवर बूट घालून फिरत नाहीस ना, असंही विचारलं. मी म्हटलं, फारसा नाही. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. आयरीनच्या छपराची पन्हळ गळते, आर्थर नावाचा कोणी म्हातारा कोळी दुरुस्त करायला येतो, एवढी बातमी कळली. कोळ्याला पन्हळीतलं काय कळतं?

बुटांचं म्हणजे असं. आमच्या बैठकीच्या खोलीत ब्रेंडाचं मलईच्या रंगाचं कार्पेट आहे. मी मागच्या दारातून पाऊल टाकलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा: बूट! एवढाच शब्द. मागेपुढे काही नाही. सबंध संसारभर ऐकला. आता घरात सुखाने बूट घालून फिरतो. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच.

१२ जानेवारी, बुधवार

शेजारची एनिड पाय घेऊन आली. खाण्याचा इंग्रजी पाय, मैद्याच्या पारीत मटण भरून भाजलेला. भांडं मेजावर ठेवलं आणि म्हणाली, डेरिक, परत यायला निघालेली बाई शिलाईचं मशीन नेत नाही.

मी म्हटलं, तुझं निरीक्षण तितकंसं बरोबर नाही. म्हणाली, मला तुझी ती कारखान्याची भाषा नको, भांडं धुऊन दे.

यॉर्कशायरच्या माणसांना तोंडावर बोलण्याची खाज असते आणि तिला ते प्रामाणिकपणा म्हणतात. एनिडचा नवरा रॉन दोन वर्षांपूर्वी वारला. सुटला.

२३ जानेवारी, रविवार

रुबार्बचा हंगाम. आपल्या भागात अंधाऱ्या शेडमध्ये मेणबत्तीच्या उजेडात काढतात तो, लाल कोवळ्या देठांचा. ब्रेंडाला फुलांपेक्षा रुबार्ब आवडतो. मंगळवारी पोस्टाने एक खोकं पाठवलं होतं. मास्टरस्ट्रोक.

आज तिने स्वतःहून फोन केला! पण कशासाठी? सगळा कुजलेला निघाला, पोस्टमन नाक धरून उभा होता, ओल्या वर्तमानपत्रात कोण गुंडाळतं, अक्कल कुठे गहाण टाकलीस, मूर्खा. पाच मिनिटं बोलत होती. श्वास घ्यायलाही थांबली नाही. शेवटी म्हणाली, आणि जेवतोयस का काही? आणि उत्तर न ऐकताच फोन ठेवला.

फारच वाईट दिवस. प्रगती शून्य. उलट दगडाखाली आणखी दगड.

३० जानेवारी, रविवार

कलाटणी! आज शांत होती. बोलणं कधी नव्हे इतकं मोजून. येतेस का विचारलं. म्हणाली, एवढ्यात काही नाही, डेरिक.

एवढ्यात! मधली चटई, कापूस सगळं ओलांडून एकदम स्प्रिंगवर! फोन ठेवल्यावर खोलीत एक चक्कर नाचत मारली. कार्पेटवर थोडा चिखल उठला. वाळला की निघेल.

मागून कोणी पुरुष खोकला. आयरीनचा रेडिओ असावा.

६ फेब्रुवारी, रविवार

जुनं काहीतरी निघालं. मीच विषय काढला, उन्हाळ्यात आपण ब्रिडलिंग्टनला आठवडाभर राहू. म्हणाली, मी अकरा वर्षं तुझ्याकडे समुद्राकाठी एक लहानसं घर मागत होते.

मी लगेच म्हटलं, आणि मी एकदा तरी नाही म्हटलं का? आठव. ‘सध्या तरी शक्य दिसत नाही’, ‘यंदा तितकंसं सोयीचं नाही’, ‘अजून पूर्ण विचार झालेला नाही’. एकदाही तोडून बोललो नाही.

मग म्हणाली, हो रे. तू एकदा सरळ नाही म्हणाला असतास तर मी भांडले तरी असते.

याला म्हणतात कबुली. भांडणाला मी जागाच ठेवली नाही, हे तिनेही मान्य केलं.

१४ फेब्रुवारी, सोमवार

व्हॅलेंटाइन. रुबार्बचं दुसरं खोकं पाठवलं होतं, या वेळी कोरड्या कागदात, वर रिबन. फोन केला. म्हणाली, तू एवढा त्रास घ्यायला खरंच नको होतास. इतक्या गोड आवाजात! देठ कसे निघाले विचारलं. छान असतील, म्हणाली.

एनिडला सांगितलं. ती भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती. तोंडातला चिमटा काढून म्हणाली, ब्रेंडाने तुला शिव्या नाही दिल्या? म्हटलं, एकही नाही. तर म्हणाली, मग गेलीच रे ती.

काय उत्तर द्यायचं असल्या बाईला? मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, माझा रॉन मला दिवसातून दहादा तोंडावर नाही म्हणायचा. तो गेल्यापासून सगळे माझ्याशी गोड बोलतात. पोस्टातला, चर्चमधला, माझी स्वतःची सून. वीट आलाय त्या गोड बोलण्याचा. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुःखाने माणसाचं डोकं फिरतं. सहानुभूती दाखवावी म्हणून म्हटलं, तुझं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओली चादर झटकली. निम्मं पाणी माझ्या अंगावर आलं.

२७ फेब्रुवारी, रविवार

ब्रेंडा: तितकंसं जमेलसं वाटत नाही मला, पण बघू.

‘तितकंसं’ ही घसरण. पण ‘वाटत’ आणि ‘बघू’ धरले तर भरून निघते. शिवाय माझी तब्येत विचारली, हवामान विचारलं, आणि फोन केल्याबद्दल आभार मानले. बायकोने नवऱ्याचे आभार मानलेत असं घर मला तरी माहीत नाही. आमचं पहिलंच असावं.

आर्थरने आयरीनला खेकडे दिले, ते दोघींना संपले नाहीत, मग तोच जेवायला थांबला. एका पन्हळीला किती दिवस लागतात? आयरीनने माणूस बदलावा.

५ मार्च, शनिवार

कार्पेट. चिखल निघाला नाही. भाड्याने धुण्याचं यंत्र आणलं. सूचना वाचल्या नाहीत कारण यंत्र साधं होतं. आता दारापासून आरामखुर्चीपर्यंत मलईचा रंग गेला आहे आणि मधे एक पट्टा करडा पडला आहे. वर खुर्ची सरकवली. खुर्ची आता खोलीच्या मध्यभागी आहे, त्यामुळे टीव्ही पाठीमागे येतो. टीव्हीवर तसंही काही नसतं.

एनिडला विचारलं, ब्रेंडाच्या लक्षात येईल का? म्हणाली, आंधळ्याच्याही येईल. मग म्हणाली, पण तिला आता त्याचं काय?

१३ मार्च, रविवार

आज फोनवर ब्रेंडा नव्हती. आयरीन म्हणाली, बाहेर गेलीय. कुठे? म्हणाली, होडीवर. मार्चमध्ये? ब्रेंडाला तर आपल्या बॅटलीच्या तळ्यातल्या होडीतही मळमळतं. आयरीनला विचारलं, खुबा कसा आहे. कसला खुबा, म्हणाली. मग म्हणाली, हां, तो. बरा आहे.

बेचैन आहे. उगीचच जुन्या गोष्टी आठवतात. एकदा मालकांचा मेहुणा तक्रार घेऊन ऑफिसात आला होता, गादीला खड्डा पडला म्हणून. मी उत्तराचा कागद घेतला तर मालकांनी अडवलं. म्हणाले, होल्रॉइड, ही भाषा बाहेरच्यांसाठी. आणि मेहुण्याच्या पाठीत थाप मारून म्हणाले, नाही मिळायची तुला गादी, जाड्या, आधी वजन कमी कर, आणि चहा घे. मेहुणा खो खो हसला. मला तेव्हा ते फार असंस्कृत वाटलं होतं. आजही वाटतं.

आणखी एक. ‘सध्या तरी नाही’ असं आम्ही लिहायचो तेव्हा त्याचा अर्थ ‘कधीच नाही’ असाच असायचा. पण ते गिऱ्हाइकांसाठी. ब्रेंडा काय कारखाना आहे? आणि मी काय गिऱ्हाईक आहे?

२० मार्च, रविवार

चिंता मिटली! दहा वर्षांनी तरुण झालो!

फोनवर स्पष्ट विचारलं, ईस्टरला माझ्याबरोबर घरी येशील का? ब्रेंडा म्हणाली, नाहीच असं मी म्हणत नाही, डेरिक. पण आपण समोरासमोर बसून बोललेलं बरं.

पिसं! पिसांची गादी! ज्या दिवसाची ईस्टरपर्यंत वाट बघायची होती तो दोन आठवडे आधीच आला. तीस वर्षांची विद्या फुकट गेली नाही.

एनिडला भिंतीवरून ओरडून सांगितलं. ती बाहेर आली, माझ्याकडे बघत राहिली, आणि चक्क हळू आवाजात म्हणाली, गुडघ्याला बाशिंग बांधून जाऊ नकोस रे बाबा. तिचा आवाज ऐकून पहिल्यांदाच भीती वाटली. का ते कळलं नाही. लगेच गेलीही.

२६ मार्च, शनिवार

तयारी. केस कापले. चांगला कोट ड्राय-क्लीनला. मुद्दाम वेळेआधी पोहोचायचं, वाळूवरून चालत जायचं. बूट घाण झाले तर हरकत नाही. उलट तीच योजना आहे. दारात उभा राहीन, पाऊल उचलीन, आणि आतून आवाज येईल: बूट! मग दोघंही हसू. ज्याची तिला सवय तेच आधी व्हावं, बाकीचं आपोआप होतं.

हे कोणाला सांगायचं नाही, पण इथे लिहितो: तो आवाज ऐकायला कान आसुसले आहेत. जानेवारीत स्वातंत्र्य वगैरे लिहिलं होतं ते वाचलं. गाढवपणा होता. बूट घालून फिरायला घरात कोणीतरी ओरडणारं लागतं.

१ एप्रिल, गुड फ्रायडे

एनिडने मासा आणि बटाटे आणून दिले. उद्याची सकाळची बस. ब्रेंडासाठी बसमध्ये शेजारची सीट धरून ठेवता येते का, येताना, असं डेपोत विचारलं. त्या माणसाने विचारलं, तिकीट काढलंय का त्यांचं? म्हटलं, अजून तरी नाही. काढलं. एक ब्रिडलिंग्टनहून बॅटली, एकेरी.

३ एप्रिल, ईस्टर रविवार

कालचं लिहायचं आहे. काल लिहिलं नाही.

वाळूवरून गेलो. भरती उतरलेली, बूट घोट्यापर्यंत भरले. दार आयरीनने उघडलं. तरातरा चालत आली, खुब्याला काही झालेलं नाही. मग ब्रेंडा आली. केस आखूड केलेत. रंग उजळलाय. हसली. हसणं चांगलं होतं. नवा पाद्री भेटायला आल्यावर हसते तसं.

आत मलईच्या रंगाचंच कार्पेट, आमच्यापेक्षा नवं. मी पाऊल उचललं. थांबलो. ‘बूट!’ काही ऐकू आलं नाही. मीच मग वाकून नाडी सोडायला लागलो. ती म्हणाली, अरे राहू दे, काढायलाच हवेत असं काही नाही.

मी म्हटलं, घाण आहेत. म्हणाली, पुसता येईल रे, ये ना, बस.

बसलो. चालत आलो तिथे चिखलाचे ठसे उठले होते. तिने खाली एकदाही बघितलं नाही. चहा चांगल्या कपांतून आला, बशीसकट. साखर किती विचारलं. ब्रेंडाने! मी दोन म्हटलं.

मग ती बोलली. फार चांगलं बोलली. तुझ्याविषयी मनात फारसं काही वाईट नाही. परत येणं मला तितकंसं शक्य होईल असं वाटत नाही. तू एकटा पडावास अशी माझी मुळीच इच्छा नाही. एकेका वाक्याखाली गादी. मी शिकवल्यासारखी बोलत होती. एकही वाक्य टोचलं नाही. मी कोटाच्या खिशात हात घालून तिचं तिकीट धरून बसलो होतो.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. जड पावलं. ब्रेंडाने मानही वळवली नाही, बसल्या जागेवरून ओरडली: बूट!

आतून पुरुषाचा आवाज आला, काढतोय गं बाई. ती पुन्हा ओरडली, तिथं नाही! किती वेळा सांगायचं? खोक्यात! आणि ते खेकडे आत आणू नकोस! नाही, एक मिनिटही नाही! तो काहीतरी पुटपुटला आणि हसला. तीही हसली, आणि मग मी बसलोय हे आठवून थांबली.

आर्थर मोज्यांवर आत आला. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. भला माणूस दिसला. माझ्याशी हात मिळवला, माझ्या पायांकडे बघितलं. मागच्या दाराशी त्याचे बूट माझ्या रुबार्बच्या खोक्यात ठेवले होते. फेब्रुवारीतलं खोकं. एका बाजूला रिबन अजून चिकटलेली होती.

ब्रेंडा दारापर्यंत सोडायला आली. पुन्हा ये म्हणाली, कधीही. सांभाळून जा म्हणाली. मला तिच्याकडून एक शिवी हवी होती. मूर्खा म्हणाली असती तरी मी ते घेऊन घरी आलो असतो. म्हटलं, चहा छान होता. म्हणाली, तू आलास, बरं वाटलं.

बसमध्ये शेजारी कोणी बसलं नाही. धरलेली सीट.

आज सकाळी मागच्या दाराशी बूट काढले. तिथे थोडा वेळ मोज्यांवर उभा राहिलो. मग आत येऊन खुर्ची भिंतीशी सरकवली. करडा पट्टा उघडा पडला. राहू दे.

रविवार आहे. फोन केला नाही.

दुपारी एनिड भाजलेलं कोकरू आणि पुडिंग घेऊन आली. भांडं मेजावर ठेवलं, कार्पेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं, येतेय का ती?

नाही, म्हटलं.

ती थांबली, मी पुढे आणखी काही जोडीन म्हणून. जोडायला काही नव्हतं.